वसुली नको, पोच हवी

गेल्या डिसेंबरात आमच्या घरातील नऊ माणसे मुंबई ते गोवा आणि परत मुंबई अशी तीन रात्रींची जहाजाची सहल करून आली. मामंजी आणि सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे अण्णा आणि आई, भाऊजी आणि जाऊबाई, आम्ही उभयता, आणि तीन मुले. माझा आर्य सात वर्षांचा, ओवी तीन वर्षांची आणि जाऊबाईंचा चिनू अवघा चौदा महिन्यांचा. परतल्यापासून नात्यातल्या आणि बाजारातल्या अनेक कुटुंबांनी विचारले, ‘लहान मुलांना घेऊन जहाजावर जाणे जमते का?’ प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे वाटले. यात आमच्या हातून झालेली एक मोठी चूकही आहे. ती मी लपवणार नाही, कारण या लेखातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

सांगलीत आमची हळदीची आडत आहे. नव्या हळदीची आवक सुरू होण्याआधीचा डिसेंबर हाच आम्हाला त्यातल्या त्यात सवडीचा महिना. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने सहलीची जहाजे मुंबईहून पावसाळा सोडूनच निघतात. त्यामुळे आमची सवड आणि समुद्राची सवड जुळली. भाऊजींनी भाड्याचा आकडा सांगितला, तेव्हा अण्णांनी नेहमीच्या सवयीने एक छोटी वही उघडली. ‘एवढ्या रकमेत काय काय मिळणार?’ भाऊजी वाचत गेले: राहण्याची खोली, तीन वेळचे जेवण, पोहण्याचा तलाव, जादूचे प्रयोग, नाटक-संगीत, मुलांची खेळखोली. अण्णांनी एकेक बाब लिहून घेतली आणि खाली रेघ मारून म्हणाले, ‘वसूल होईल. पण एकही गोष्ट सोडायची नाही.’ आम्ही सगळे हसलो. व्यापाऱ्याच्या घरात हे वाक्य कोणालाच वावगे वाटत नाही.

तयारीच्या बाबतीत मात्र अण्णांच्या त्या वहीने आमच्यावर उपकारच केले. जाहिरातीत दिसणारे भाडे आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि कर यांची भर पडते. जहाजावर रोख व्यवहार बहुधा होत नाही. प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड मिळते आणि खर्च त्यावर चढत जातो. मुलांच्या कार्डावर खरेदी होऊ शकणार नाही, अशी सूचना पहिल्याच दिवशी काउंटरवर द्यावी. आम्ही दिली, म्हणून आर्यची आइस्क्रीम आणि व्हिडिओ गेमची हौस मर्यादेत राहिली.

मुलांच्या वयाचे नियम पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावेत. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत आणि लांबच्या समुद्रप्रवासासाठी एक वर्षाची अट असते. गर्भवती स्त्रियांसाठीही आठवड्यांची मर्यादा असते. खेळखोलीत मुलाला एकटे ठेवायचे, तर सहसा ते तीन वर्षांचे आणि लंगोट सुटलेले असावे लागते. लंगोटातल्या बाळाला अनेक जहाजांवर तलावात उतरू देत नाहीत, मग तो लंगोट पाण्यात घालायचा असला तरीही. हे आधी कळल्यामुळे जाऊबाईंनी एक छोटा फुगवायचा टब बरोबर घेतला. न्हाणीघरात त्यात बसून चिनूने तिन्ही दिवस मनसोक्त पाणी उडवले. आजी-आजोबा एकटे नातवंडांना घेऊन जाणार असतील, तर मुलांच्या ओळखपत्रांबरोबर आई-वडिलांचे संमतिपत्रही न्यावे. परदेशच्या सहलीत तर ते हवेच.

खोली निवडताना पुष्कळ जण खिडकीचा आणि उंचावरच्या मजल्याचा आग्रह धरतात. मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असलेली खोली उत्तम, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बाल्कनीची खोली घेतलीच, तर दाराची कडी मुलांच्या हाताला लागते की नाही ते आत शिरताच पाहावे आणि बाल्कनीतल्या खुर्च्या खोलीत आणून ठेवाव्यात. कठडा उंच असतो, पण खुर्चीवर चढलेल्या मुलासाठी तो उंच राहत नाही. बिनखिडकीच्या खोलीत दिवे मालवले की मिट्ट काळोख होतो. मुले झोपतात छान, पण रात्री जागी झाली की घाबरतात. यासाठी बॅटरीवरचा लहानसा दिवा बरोबर असावा.

आता जेवणाविषयी. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर जैन जेवणाची सोय सहसा असते आणि आधी कळवल्यास ते नीट मिळते. परंतु येथे एक बारीक मेख आहे. ‘जैन जेवण’ याचा स्वयंपाकघराला समजणारा अर्थ कांदा, लसूण, बटाटा नसलेले जेवण, एवढाच असतो. ते किती वाजता हवे, हे त्या दोन शब्दांत येत नाही. डिसेंबरात आपल्या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जहाजावरचे रात्रीचे जेवण सुरूच होते त्यानंतर. अण्णांचा रात्रिभोजन त्याग गेली एकतीस वर्षे अखंड आहे. म्हणून मी तिकिटे काढतानाच लेखी विचारले, ‘साडेपाचपूर्वी ताट मिळेल का?’ मिळेल, असे उत्तर आले. चढल्याबरोबर भोजनगृहाच्या प्रमुखांना भेटून तेच पुन्हा सांगितले आणि त्यांनी सव्वापाचची वेळ ठरवून दिली. आपल्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे, की पदार्थ कळवा आणि घड्याळही कळवा.

आपल्यापैकी अनेक जण प्रवासात इंडक्शनची शेगडी किंवा विजेची किटली नेतात. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी असल्याने शेगडी, किटली, इस्त्री, उदबत्ती, निरांजन यांतले काहीही नेता येत नाही. नेल्यास तपासणीच्या वेळी काढून ठेवतात. घरचे शिजवलेले अन्नही बहुधा चालत नाही. बंद पाकिटातले खाकरे, राजगिऱ्याच्या वड्या आणि बाळाचे अन्न यांविषयी आधी विचारून घ्यावे; आम्हाला नेऊ दिले. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. म्हणून औषधे, लंगोट, बाळाचे खाणे, एक-एक जोडी कपडे आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीतच असावेत. जाऊबाईंनी चिनूचे लंगोट मोठ्या बॅगेत भरले होते. ती बॅग येईपर्यंतच्या चार तासांची हकिगत मी येथे देत नाही.

बॅलार्ड पिअरच्या बंदरावरून जहाजात पाऊल ठेवताच मुले तलावाकडे धावली आणि तेवढ्यात सुरक्षेच्या कवायतीची घोषणा झाली. ‘आपण नाही गेलो तर चालणार नाही का?’ असे आमच्या यजमानांनी विचारून पाहिले. चालत नाही, आणि चालू नये. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जण दगावले. त्या संध्याकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर घेणे सक्तीचे झाले. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, ही संकटाची खूण आर्यने तेथेच पाठ केली. मुलांची लाइफ जॅकेटे वेगळ्या मापाची असतात. ती आपल्या मुलांसाठी कोठे ठेवली आहेत, हे पालकांनी स्वतः विचारून, डोळ्यांनी पाहून घ्यावे.

अंधार पडल्यावर डाव्या हाताला, खांदेरीच्या बाजूने, दीपगृहाचा झोत फिरताना दिसला. या बेटावर १६७९ साली शिवाजी महाराजांनी किल्ल्याचे काम सुरू केले, हे अण्णांनी नातवाला सांगितले. आर्यने विचारले, ‘तेव्हा कवायत होती का?’ अण्णा म्हणाले, ‘तेव्हा कवायतच होती बाळा, सहल नव्हती.’

रात्री थोडे हेलकावे सुरू झाले आणि आर्यला बोट लागली. चौदा महिन्यांचा चिनू मात्र खुशाल झोपला होता. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास सहसा होत नाही आणि शाळकरी वयात तो सर्वांत जास्त होतो, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी निघण्यापूर्वी सांगितले होते. औषध आणि त्याचे प्रमाण त्यांच्याकडूनच लिहून घेतले होते. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देण्याचा उद्योग कोणीही करू नये. आले चघळण्याचा सल्ला सगळेच देतात, पण ते आपल्याकडे चालत नाही. आईंनी गूळ घालून सुंठीच्या लहान गोळ्या करून आणल्या होत्या आणि बंदरावर दाखवून त्या आत नेण्याची परवानगीही घेतली होती. एक गोळी, थोडा कोरडा खाकरा, मोकळी हवा आणि दूरवर दिसणाऱ्या दिव्यावर स्थिर नजर, एवढ्यावर तासाभरात पोरगा सावरला. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. दुसरी काळजी जुलाब-उलट्यांची. जहाजावर एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या पोटाच्या विकारावर नुसते सॅनिटायझर पुरत नाही. जेवणापूर्वी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावरचा होता. सकाळीच केबिनमध्ये दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद आला आणि अण्णांच्या वहीतले ते वाक्य आम्हा सर्वांच्या अंगात संचारले. नऊ वाजता कठपुतळ्या, दहाला तलाव, साडेअकराला चित्रकला, दुपारी जादू, मग पुन्हा तलाव. चिनूची दुपारची झोप बुडाली आणि ओवीची दोनदा मोडली. ताटांत मुलांनी घेतलेले आणि टाकलेले अन्न पाहून आई एकदा म्हणाल्या, ‘अगं, घरी एवढं कधी टाकतो का आपण?’ पण पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली होती.

सव्वापाच वाजले. अण्णांचे ताट वाढले होते. यजमान आर्यला घसरगुंडीवरून आणायला गेले होते. जाऊबाई रडणाऱ्या चिनूला घेऊन खोलीत गेल्या होत्या, भाऊजी संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या जागा धरायला गेले होते आणि मी चहाच्या टेबलापाशी उभी होते. सगळे एकत्र आले, तेव्हा अण्णांनी पहिला घास उचलण्याआधी सहज विचारले, ‘ओवी कोठे आहे?’

मला वाटत होते, ती जाऊबाईंबरोबर खोलीत आहे. जाऊबाईंना वाटले होते, ती माझ्याकडे आहे. यजमानांना वाटले, आजीकडे. ती कोणाकडेच नव्हती.

त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे लिहिणे अजूनही जड जाते. मी वरच्या डेकवर धावले. कठड्यापाशी ओढलेली प्रत्येक खुर्ची मला दिसत होती. समुद्र इतका शांत आणि इतका मोठा होता, की मला त्याच्याकडे पाहवेना. फोन करायला हात गेला, पण किनारा सुटल्यावर फोनचे जाळेही सुटलेले असते. शहाणपण दाखवले ते आईंनी. त्या कोठेही धावल्या नाहीत. समोर जो कर्मचारी दिसला, त्याला त्यांनी थांबवून सांगितले: तीन वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, नाव ओवी. त्याने तत्काळ यंत्रावरून सगळीकडे कळवले. मूल दिसेनासे झाले, तर स्वतः शोधण्यात पहिली दहा मिनिटे घालवू नका. पहिल्याच मिनिटाला कर्मचाऱ्याला सांगा.

ओवी सापडली ती आमच्या खोलीच्या बरोबर एक मजला खाली. तशीच लांबच लांब मार्गिका, तसाच गालिचा, तसेच दार. काकूच्या मागोमाग निघालेली ती जिन्यावर मागे राहिली, एक मजला जास्त उतरली आणि आपलेच दार समजून त्या बंद दारापुढे बसून राहिली. मी तिच्या मनगटाला कापडी पट्टी बांधली होती आणि पट्टीच्या आतल्या बाजूस तिचे नाव आणि खोलीचा क्रमांक लिहिला होता. खोल्या आवरणाऱ्या एका मुलाने ती पाहिली आणि तिला उचलून आणले. ती रडत नव्हती. मला म्हणाली, ‘आई, तू दार का उघडत नव्हतीस?’

आम्ही भोजनगृहात परतलो, तेव्हा खिडकीबाहेर सूर्य मावळलेला होता. अण्णाही आमच्याबरोबर शोधत जिने चढत-उतरत होते. त्यांचे वाढलेले ताट तसेच होते. मी काही बोलू लागताच त्यांनी हातानेच थांबवले. त्या रात्री त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही आणि त्याविषयी एक अक्षरही काढले नाही. ओवीला मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसून होते.

रात्री मुले झोपल्यावर अण्णांनी आम्हा सर्वांना बोलावले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. ते शांतपणे म्हणाले, ‘चूक माझी. मी वसुली शिकवली. आपल्या आडतीत एक पोतं या गाडीतून त्या गाडीत जायचं झालं, तरी देणारा पावती देतो आणि घेणारा पोच देतो. इथं मूल या हातातून त्या हातात गेलं आणि पोच कोणीच घेतली नाही.’

त्या रात्रीपासून आमच्यात एक नियम झाला. मुलाला दुसऱ्याकडे सोपवताना नाव घेऊन सांगायचे, ‘ओवी तुमच्याकडे.’ समोरच्याने तोंडाने म्हणायचे, ‘ओवी माझ्याकडे.’ हे उत्तर कानांवर पडेपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. नजरेने सांगितलेले, गृहीत धरलेले, ‘तिथेच तर होते सगळे’ असे काही चालणार नाही. खोलीच्या दारावर मुलांकडून रंगीत चित्र लावून घेतले, म्हणजे आपले दार त्यांना लांबूनही ओळखू यावे. मजल्याचा क्रमांक आर्यला पाठ करायला लावला. आणि चुकामूक झालीच, तर सर्वांनी कोठे येऊन थांबायचे, ती एक जागा ठरवली.

तिसऱ्या दिवशी जहाज मुरगाव बंदराला लागले. जुन्या गोव्याच्या चर्च, पणजी, बाजार, असा दिवसभराचा बेत आधी ठरला होता. एकट्या पणजीपर्यंतच सुमारे तीस किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे. त्यात ठरल्या वेळेला जहाज कोणासाठीही थांबत नाही, ही टांगती तलवार. आम्ही तो बेत सोडला. आर्यला घेऊन यजमान आणि भाऊजी जवळच्या बोगमाळो किनाऱ्यावर गेले आणि दुपारच्या आत परतले. बाकीचे जहाजावरच राहिलो. सगळे प्रवासी उतरून गेल्यामुळे मुलांचा तलाव मोकळा होता आणि काल रांगेत उभे राहून मिळालेली घसरगुंडी ओवीला आज एकटीला मिळाली. लहान मुले असतील, तर बंदराचा दिवस हाच जहाजावरचा सर्वांत निवांत दिवस असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या संध्याकाळी अण्णांच्या सव्वापाचच्या वेळेला आम्ही सगळेच जेवायला बसलो. भोजनगृह रिकामे होते. मऊ पोळ्या, मुगाची उसळ, दुधीची भाजी आणि वरण-भात. ताटात लागेल तेवढेच घेतले. गर्दी नाही, गोंगाट नाही, झोपेने पेंगणारी मुले नाहीत. साडेपाचला जेवलेली मुले मग डेकवर सूर्य बुडताना पाहून आठ वाजता गाढ झोपली. तीन दिवस ज्या वेळेची मी अण्णांसाठी एक अडचण म्हणून काळजी वाहत होते, तीच वेळ मुलांसाठी सर्वांत सोयीची होती. हे पहिल्याच दिवशी आमच्या लक्षात यायला हवे होते.

एकूण हिशेब मांडला, तर नाटकाचे दोन प्रयोग, गोव्याची सहल, रात्रीचे संगीत आणि खेळखोलीतले निम्मे कार्यक्रम आमचे ‘बुडाले’. पैसे सगळ्याचे भरले होते. परंतु लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने भाडे भरतानाच हे बुडीत खाते मनात मांडून ठेवावे. दिवसातून एक कार्यक्रम सकाळी, एक संध्याकाळी आणि दुपारची झोप अबाधित, एवढे पुष्कळ होते. बाकीचे सोडून देता आले, तरच जे घेतो त्याचा आनंद मिळतो.

सांगलीला परतल्यावर अण्णांनी ती वही पुन्हा कपाटात ठेवली. वसुलीच्या रेघेखाली त्यांनी काही लिहिले की नाही, ते मी पाहिलेले नाही. ओवीने मात्र एक गोष्ट घरी आणली आहे. मी तिला आजीजवळ सोडून दुकानात जायला निघाले, की ती दारात उभी राहून मोठ्याने विचारते, ‘आज्जी, माझी पोच दिलीस का?’ आणि आई हातातले काम बाजूला ठेवून म्हणतात, ‘ओवी माझ्याकडे.’ मग मी निघते.